सॅकमधली विळी

हॅलो? … हॅलो, कोण पावणं? … जरा मोठ्यानं बोला की, हितं म्हस वरडायल्या. … अनू? अगं मग आण्णा म्हण की आधी, मी आपला पावणं पावणं करत बसलोय. पोचलीस? … राधानगरीतनं? एसटीडी बूथवरनं व्हय? … बरं बरं. जेवलीस का? … नऊ वाजल्यात, ठावं हाय मला. न्याहारी तरी?

काय न्हाय? … चाकू न्हाय सॅकमधी? … नीट बग. खाली, चादरीच्या घडीत. … घडीत काय हाय?

विळी.

… आपली विळी? … खोवणीसकट?

… न्हाय गं, हसत न्हाय. ठसका लागलाय. … अगं, तुझ्या आक्का आत्यानं घातली असंल. मग तरीच! सकाळपास्नं घरात विळी घावंना. तुझी आई बुक्कीनं कांदं फोडायल्या, आन् आक्का म्हणत्या, मला काय ठावं.

व्हय, व्हय… अगं ऐक की. … ऐक. चार वाजता हाय न्हवं तुझा धडा? … "रानात न्यायचा चाकू कसा निवडावा." पाठ हाय मला. महिनाभर ताटावर बसलं की त्येच ऐकतोय. … आन् आज जमलं तरच कँपचं सर तुला पोरांस्नी शिकवाय घेणार, त्ये बी ठावं हाय. … वीस पोरं हसत्याली? हसू देत की.

आता जरा शांत डोक्यानं बग. तूच सांगितल्यालं मला. पातं मिटणारं नसावं. विळीचं मिटतंय का? … न्हाय न्हवं. पातं मुठीत पार आतपत्तूर गेल्यालं असावं. हे पाटात गेलंय, खालनं ठोकल्यालं दिसंल बग. … पाठ जाड असावी. हाय. … वल्या हातातनं निसटू नये. निसटंल कशी? तिच्यावर बसायचं असतंय.

… कमरंला लावता येत न्हाय, त्ये खरं हाय.

अगं चिडू नगोस. मजा केली जरा. … त्यापरास त्यो मी जत्रेतनं आणल्याला चाकू बरा हुता व्हय? मुठीत होकायंत्र, आत काड्या, गळ, सुईदोरा… सगळा संसार. … व्हय की, पोकळ मूठ. बाभळीला एकच घाव घातला तर पातं बांधावर आन् मूठ माझ्या हातात. होकायंत्र मातुर उत्तर दावत हुतं. … हसलीस बग.

म्हणून तर जोतीराम लोहाराकडं गेलतो आपण. ट्रकच्या कमानपाट्याचं पातं, शिसवाची मूठ. तीनदा माघारी दिलास तू. एकदा पाठ पातळ, एकदा मूठ लांब, एकदा काय तरी उगंच. जोतीराम म्हणाला बी, भाऊसो, पोरगी चाकू निवडायल्या का नवरा?

… कुठं हाय म्हंजे? … हाय की. … घरातच हाय. … मला हितनं दिसतोय.

आज काय हाय गं? … तारीख नगो, तिथी सांग. … खंडेनवमी. मग? … व्हय. पूजेला बसलाय. पाटावर. कुऱ्हाड, कोयता, खुरपी, दुधाची मापं, आन् मधी तुझा चाकू. हळदकुंकू लावलंय, वर झेंडूचं फूल.

… आता कसा उचलायचा? पुजल्यालं हत्यार दसऱ्यापत्तूर उचलत न्हाईत, एवढं बी ठावं न्हाय व्हय तुला? … आक्का पाटाशेजारी बसल्या. मगाधरनं माझ्याकडंच बघायल्या.

… व्हय, तिनंच ठेवला. आक्कानंच. … काय गं आक्के? … काय न्हाय, आक्का म्हणत्या दिव्याम्होरं खोटं बोलू नगो.

बरं. मी ठेवला.

मीच काढला सॅकमधनं, पहाटं. … अगं ऐक की. … शिव्या मागनं दे, आधी ऐक. ह्या पाटावर माझ्या आज्जाची कुऱ्हाड असत्या, माझा कोयता असतोय, तुझ्या भावाचा पाना असतोय. तुझं कवाच काय नव्हतं. पोरीचं काय ठेवायचं, म्हणायचो मी. … आता तुझ्या कामाचं हत्यार झालं. तुझं सोताचं. त्ये कुऱ्हाडीशेजारी ठेवलं आन् मला लई बरं वाटलं गं.

… हळदकुंकू लावून लगीच सॅकमधी घालणार हुतो. पर आक्कानं अक्षता टाकल्या, हात जोडलं, आन् म्हणाली, आता उद्याच. तवर तुझी जीप दारात हॉर्न वाजवायली. तुला सांगाय भ्यालो. … विळीचं मातुर मला ठावं नव्हतं, देवाशप्पथ. पोरीची सॅक हलकी लागाय नगो म्हणून आक्कानं घातली, आत्ता सांगायल्या.

हॅलो? … रडायलीस व्हय? … हसायलीस? … दोन्ही बी?

थांब, आक्का कायतरी म्हणत्या. … काय? … आं? … अनू, आक्का म्हणत्या, पूजा मोडायची न्हाय. पर पूजा हलवायची न्हाय असं कोण म्हणालंय? … पाटासकट. … अगं खरंच. टेम्पोवाला केरबा डेअरीला दूध घालून रिकामा टेम्पो घिऊन आत्ताच आलाय. पाट मागं ठेवायचा, आक्का शेजारी दिवा धरून बसंल. … दोन वाजायच्या आत पोचतोय.

… कुऱ्हाड बी येणार. कोयता बी. एकट्याला उठवायचा न्हाय, सगळी संगंच येणार. … मापं बी.

… हां, पर एक हाय. हात लावायचा न्हाय. … तू बी न्हाय. … लांबनं बोट दावून सांग की, ही बगा पाठ, ही बगा मूठ. आक्का बसंलच राखण करत. … मग कापून कशानं दावायचं?

विळी हाय न्हवं तुझ्याकडं.

… सरांस्नी? … सरांस्नी म्हणावं, चाकू पूजेला बसलाय, उद्या उठंल. … व्हय, ठेवतो. … आक्के, दिवा संभाळ. केरबा, पाटाचं त्ये टोक धर.