माळेले उत्तर देणारं माणूस

माहेर माहं राजेगावचं, तिथून पुढं गेलं का महाराष्ट्र, म्हणून आमच्या घरात प्रार्थना मराठीत. लगीन होऊन बालाघाटले आली तं इथं सारं हिंदीत. पहिल्या सांजेले सासूनं जपमाळ काढली, आता काय सांगू बाई तुले, माळेत एकानं अर्धं म्हणाव लागते अन् दुसऱ्यानं उरलेलं म्हणून उत्तर द्याव लागते, मी आपलं मराठीत म्हटलं, सासू हासली, तं आमचे हे म्हणे म्हणू दे वं माय, मरियामायले दोन्ही समजते. तवापासून अर्धं मी मराठीत म्हणो, उत्तर हे हिंदीत देत, मोठ्यानं, साऱ्या मोहल्ल्याले ऐकू जाये असं. जलम गेला तसाच.

हे सुतार होते. आमच्या चर्चचा संत बी सुतारच, संत जोसेफ. त्याचा सण मोहा गळाले लागते तवा येते. सणाच्या आधी त्याची मूर्ती घरोघरी फिरते, रोज एका घरी मुक्काम, अन् शेवटचा मुक्काम सुताराच्या घरी, तिथूनच सकाळी जुलूस निघते, बँड, झेंडूचे हार, हिंदू बौद्ध सारे दारात उभे राह्यतेत. तो मुक्काम आमच्या घरचा. हे आपला रंधा पुसून, तेल लावून मूर्तीच्या पायाशी ठेवत, सकाळी उचलून डोळ्याले लावत, मंगच त्यानं लाकूड तासत. मी सांजेपासून भज्याचा घाणा काढो, माणसं मावत नव्हते घरात.

मंग दिवाळीच्या सुमारास हे गेले. चहा पेला, म्हणे थोडा लोळतो, झालं. पोरगा हैदराबादले कंपनीत हाये, तो आला, चल म्हणे, मी नाई गेली. सांजेले माळ घेऊन बसो, अर्धं म्हणो अन् थांबो, सवयच ना वं ते. मंग उरलेलं बी मीच म्हणो, त्यायच्यासारखं हिंदीत.

सण जवळ आला तसा चर्चच्या कमिटीतला एक जण आला, भला माणूस, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला, मंग म्हणे चाची बुरा मत मानना, इस बार आखरी मुकाम कहीं और रख लेते हैं, आप अकेली हो, माला का जवाब कौन देगा, अब घर में कारीगर भी नहीं रहा. मी म्हटलं रंधा तं हाये ना. तो कप ठेवून उठला. तो गेल्यावर मी भिंतीवरच्या संताले शिव्या देल्या, खोटं काहून बोलू. म्हटलं तूही तं आपल्या बायकोले, मरियेले, मांगं ठेवून आधीच निघून गेला, मंग तिच्या घरी बी लोकायनं जाणं सोडलं काय रे? लय रडली मी त्या दिवशी.

शेजारी शेवंता राह्यते, बौद्ध हाये, माह्याच वयाची, भिंत आमची एकच. ती म्हणे काय झालं वं, कोणाले शिव्या देऊन राह्यली? सांगतलं. म्हणे एवढंच ना, उत्तर मी देतो. म्हटलं तुले कुठं येते? तं कमरेवर हात ठेवून सुरूच झाली, हे संत मरिया परमेश्वर की माँ, पार आमेनपर्यंत, एक शबद नाई चुकला. म्हणे तुहा बुढा रोज सांजेले बोंबले, भांडे घासता घासता पाठ झालं, मले काय कान नाईत?

हात धरून नेली तिले त्या माणसापाशी. तो हासला, पण मानला.

संत आला बाई. रंधा मीच पुसला, मीच ठेवला. पोरगा येतो येतो म्हणे, सुट्टी नाई भेटली, मोबाईलवर पाह्यलं त्यानं, नातीनं दादी दादी करून हात हालवला. शेवंता पांढरं लुगडं नेसून पुढं बसली अन् उत्तर देल्लं, ह्यायच्यासारखंच ताणून.

सकाळी मूर्ती उचलली, बँड वाजला, सारे गेले, अन् घर केवढं मोठं वाटाले लागलं. रंधा तिथंच पडून होता. दुपारी मीच उचलला, डोळ्याले लावला, पेटीत ठेवून देल्ला. त्याचं काम काय करू मी?

आता शेवंता असली तं भिंतीपलीकडून उत्तर येते, मधातच नातवावर ओरडते, पुन्हा उत्तर देते. पण ती लहान्या पोराकडं गोंदियाले जाते मधामधात. मंग मी अर्धं म्हणतो, थोडी थांबतो, अन् मीच म्हणतो. देवानं ठेवलं तसं राहाव लागते, तक्रार कोणापाशी करू?

आज बी नाई हाये ती. दिवेलागण झाली, तुह्या गावाची बस निघाची वेळ झाली असंन ना पोरी? जाय बेटा, सुखी राहाय, माणसायत राहाय. अन् घाई नसंन तं घडीभर बस. प्रार्थनेच्या पुस्तकात लिहेल हाये सारं, पाहून पाहून उत्तर दे मले. हिंदीत दे का मराठीत दे, चालते.