सिंगल्टस झालेला नवरदेव

मंडळी, ऐका! जे आपल्याला कळत नाही, त्यालाच आपण जास्त मान का डोलावतो? सांगा ना! आत्ताही काहींनी मान डोलावली — बघितलं मी!

नदीकाठचं एक गाव. नाव सांगत नाही, तिथले दोघे-तिघे मागे बसलेत! त्या गावात मुजुमदार डॉक्टर. आधी ते रोग इंग्रजीत सांगायचे. पण गाव शिकलं हो! कांदेवालाच म्हणायला लागला, "डॉक्टर, लूज मोशन आहे, गोळी द्या!" मग डॉक्टरांचा मान काय राहिला? त्यांनी आणला लॅटिनचा जाड कोश. साध्यातला साधा इंग्रजी शब्द घ्यायचा आणि त्याचं लॅटिन करायचं! हेडेकची झाली सेफालाल्जिया. लोक खूश! डोकं दुखणारा माणूस चावडीवर ऐटीत सांगायचा, "साधं नाही बरं, सेफालाल्जिया आहे!"

त्याच गावात सदानंद. साखरपुडा झाला, पलीकडच्या गावच्या कुमुदशी. आणि दुसऱ्याच दिवशी त्याला काहीतरी सुरू झालं. डॉक्टरांनी तपासलं, कोश उघडला, चेहरा लांब केला — "सिंगल्टस!"

झालं! बातमी नदी ओलांडून कुमुदच्या वडिलांकडे, भिकाजीपंतांकडे. "सिंगल्टस? अरे देवा! माझ्या पोरीचं कसं व्हायचं?" बैठक बसली. कुणी विचारलं का, सिंगल्टस म्हणजे काय? छे! विचारलं तर अडाणी ठरू ना! एक मामा म्हणाले, "आमच्या साडूला हाच होता. वर्षात आटोपला." हेडमास्तर म्हणाले, "घराण्यात उतरतो हो हा." सगळे तज्ज्ञ! ठरलं — लग्न मोडायचं, साखरपुड्याची साडी परत करायची.

कुमुद साडीची घडी घालता घालता रडत होती. आवडला होता हो तिला तो! एकदम डोळे पुसून म्हणाली, "बाबा, पण त्यात होतं काय?"

"होतं काय म्हणजे? सिंगल्टस होतो!"

"चला, डॉक्टरांनाच विचारू."

वडिलांना ओढतच घेऊन गेली. दवाखान्यात सदानंद बाकावर बसलेला. "हिक्!"

"डॉक्टर, सिंगल्टस म्हणजे काय?"

"अं... हिक्कप."

"आणि हिक्कप म्हणजे?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. परत पुसला. "उचकी."

"उचकी?" भिकाजीपंत किंचाळले. "उचकीसाठी मी जावई घालवत होतो?"

आणि कुमुद? लाजून लाल! "बाबा... ती माझ्यामुळेच लागली असेल. साखरपुड्यापासून दुसरं मनात येतच नाही हो!" मग सदानंदाकडे वळून म्हणाली, "आठवण काढणाऱ्याचं नाव घ्या. थांबेल."

"कु — हिक् — मुद!"

थांबली! डॉक्टर लागले कोश चाळायला — या औषधाला लॅटिनमध्ये काय म्हणतात?

लग्न उभं राहिलं. भटजी म्हणाले, "वरानं तीनदा म्हणायचं, नातिचरामि." सदानंदानं तोंड उघडलं, तोच कुमुद म्हणाली, "थांबा! भटजीबुवा, आधी अर्थ सांगा. सिंगल्टसनं पोळलेय मी!"

भटजी खोकले. मग म्हणाले, "धर्मात, पैशात, सुखात — हिला डावलून मी काही करणार नाही." सदानंदानं ऐकलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आता म्हणतो." आणि मनापासून म्हणाला हो! त्या पंचक्रोशीत तो शब्द पहिल्यांदाच कुणीतरी खरा उच्चारला. मला तर सांगतानाही भरून येतं.

हसताय काय, पुरुषमंडळी? तुम्हीही तीनदा म्हणाला होतात — ऐटीत, मुंडावळ्या सावरत! अर्थ विचारला होता? नाही ना? आज कळला. आणि त्या बाजूला बायका बसल्यात, त्यांनाही आजच कळलाय!

जा आता घरी. पांडुरंग तुमचं रक्षण करो!