काठावरचा ठोका

सत्यभामा : तिथं नोका बसू, भाऊजी. तो विहिरीचा कट्टा अजून तुमच्या वाटनीले आला नाई.

देवीदास : संध्याकाळी येईल. मारुतीच्या पारावर पंच बसणार आहेत, तिथे सगळं मोकळं करतो मी. आणि वहिनी, मी दादाशी बोलायला आलोय.

शेषराव : बोल ना मंग. अकोल्याहून तिकीट काढून आला, तं बोल. मोट थांबवली तुह्यासाठी. बैलं उनात उभे हायेत.

देवीदास : एवढंच विचारतो. नागपूरच्या शर्यतीत गोटा का नाही वाजवलास?

शेषराव : वाजवला.

देवीदास : खोटं!

शेषराव : वाजवला. तुह्यं डोकं भितीवर आपटेपर्यंत वाजवून राह्यलो होतो.

सत्यभामा : साल झालं, हेच दळण चालू हाय. अमरावतीत सांगता, अकोल्यात सांगता, सख्ख्या भावानं डोकं फोडलं म्हून. आमच्या शकूची सुपारी फुटली हाय, भाऊजी. चांदूरचे पावने आज पारावर येऊन बसतीन. त्यायच्यासमोर तुमी हे बोलले, तं भावाच्या जिवावर उठनाऱ्या घरची पोरगी कोन करीन? पुतनी हाय ना ते तुमची?

देवीदास : पुतणी आहे म्हणून मी गप्प बसू? डोक्याला टाके पडले माझ्या. हे पाहा, अजून केस उगवत नाहीत तिथे. वहिनी, उताणं पोहणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही. त्याला आभाळ दिसतं. भिंत आली, हे काठावरच्या माणसानं सांगायचं. याच विहिरीत दादानं मला तसं लावलं. काठाच्या दगडावर गोटा आपटायचा, ठोका पाण्यातून कानात येतो. आला की हात लांबवायचा. त्या ठोक्याच्या भरवशावर मी सगळा प्रांत जिंकला. कलकत्त्यात बंगाली पोरांना मागे टाकलं.

शेषराव : अन् काठावर मी वाकून उभा. सायेब लोक हासत, हा गोटेवाला कोन म्हून. हार तुह्या गळ्यात पडे, गोटा माह्या हातात राहे.

देवीदास : बघा! हेच ते. जळत होतास तू.

शेषराव : जळत होतो. अजून जळतो. उताना पवाले तू शिकला कसा, थे सांगत नाई तू पेपरवाल्याईले. मी मोट हाकत होतो अन् तुले त्याच वक्ताले पान्यात उतराची खाज. मोट टाळक्यात पडू नाई म्हून वर डोळे लावून पवत होता. काम मी करत होतो, चॅम्पियन तू झाला. बाबाच्या दहाव्याले कुठी होता रे तू?

देवीदास : कलकत्त्याला. तार उशिरा मिळाली, दुसऱ्या दिवशी शर्यत होती.

शेषराव : शर्यत होती. अन् पिंडाले कावळा शिवत नोयता. लोक म्हनत, लहान्यात जीव अटकला. मी तिथं हात जोडून सांगतो, बाबा, लहाना पवून राह्यला, या तुमी!

देवीदास : म्हणून सूड घेतलास. त्या सकाळी नागपूरच्या धर्मशाळेत काय म्हणाला होतास? अर्धा मळा मागितला तर याद राख. दुपारी माझं डोकं फुटलं. यात समजायचं काय राहिलं?

शेषराव : म्हनलं होतं. आजबी म्हनतो. पन तुले मारायचं असतं, तं नागपूरले कायले जाऊ? इथं मोटेचा नाडा सोडला असता. कोनाले समजलंबी नसतं.

सत्यभामा : अवं, असं काय बोलता!

शेषराव : बोलू दे. एक साल गप बसलो. देवीदास, गोटा वाजला होता. तुले आयकू नाई आला.

देवीदास : काय?

शेषराव : तुह्या कान गेला.

देवीदास : दादा, तोंड सांभाळ.

सत्यभामा : मी आता मांगून आवाज दिला तुमाले, फाटकापासून. भाऊजी, भाऊजी करत मांगं आली. तुमी सरळ चालले.

देवीदास : मला तुमच्याशी बोलायचं नव्हतं.

सत्यभामा : अन् नागपूरच्या आंधीच्या पावसाळ्यात कानातून पू वाहे, लसनाचं तेल कोनं टाकलं? मीच ना? उशी खराब होत होती रोज.

देवीदास : तो कान बरा झाला. मला ऐकू येतं. आत्ता बोलतोय ना आपण?

सत्यभामा : बोलून नाई राह्यलो जी, वरडून राह्यलो. बैलं बिचकले पाहा तिकडं.

देवीदास : म्हणजे नवरा-बायकोनं मिळून हे ठरवलंय. चोर तो चोर वर शिरजोर! पंचांसमोर मलाच बहिरा ठरवणार. म्हणजे शाळेतली ड्रिल मास्तरकीही गेली.

शेषराव : ठरवाचं असतं, तं तवाच नसतं ठरवलं? मी काहून बोललो नाई, सांगू? माया नाई आली मले तुह्यी. बहिऱ्या मास्तरले शाळा ठेवत नाई. मंग तू इथं येशीन, माह्या चुलीपाशी बसशीन, अन् जनमभर ते पदकं दाखवशीन. थे नोको होतं मले.

देवीदास : वा!

शेषराव : अन् तुले समजत नाई असं नोको समजू. तुले सारं समजते. माह्यावर ढकललं, तं तू अजून चॅम्पियन. कानावर ढकललं, तं सरलं. म्हून भाऊ चोर पायजे तुले.

देवीदास : दादा, आणखी एक शब्द बोललास तर हात उचलीन मी.

शेषराव : हात पान्यात चालव. उतर.

देवीदास : मी तमाशा दाखवायला आलो नाही.

शेषराव : भेव लागते का? उतर ना. मी गोटा वाजवतो. ठोका आला का हात वर कर. एक खेप जरी केला, तं संध्याकाळी मीच पंचाईले सांगतो का मी पापी हाओ, मी वाजवला नाई. मळा तुह्या, विहीर तुह्यी.

सत्यभामा : अवं, मळा? अन् पोरीची सोयरीक? डोकं फिरलं का तुमचं?

शेषराव : अन् हात वर नाई झाला, तं पंचाईले तू सांगजो. सोताच्या तोंडानं. चांदूरच्या पावन्यायसमोर.

देवीदास : कबूल. वहिनी, तुम्ही साक्षीला आहात. मळा म्हणालाय तो.

शेषराव : अन् उताना, डोळे मिटून पवजो. माह्या हाताकडं पाहून हात नोको वर करू.

देवीदास : मला तसल्या चोऱ्यांची गरज नाही.

(देवीदास सदरा काढून पायऱ्या उतरतो. पाण्याचा आवाज.)

सत्यभामा : कसा पवते पाहा मेला. पानी हालत नाई.

शेषराव : चूप राय. तू त्याच्या हाताकडं पाय. हे घे, वाजवला.

सत्यभामा : नाई केला वर.

शेषराव : आता?

सत्यभामा : नाई. जोरानं वाजवा ना, नाईतं मंग म्हनतीन का हळू वाजवला.

शेषराव : हे घे. हे घे!

सत्यभामा : नाई केला. वाचली माह्यी शकू. बस करा आता, जितलो आपन.

देवीदास : दादा! कवा वाजवतं? का भेला?

सत्यभामा : अगं माय.

शेषराव : देवीदास! देवा! वाजवून राह्यलो ना रे! हे आयक!

सत्यभामा : बस करा जी. बोटातून रक्त निंघालं तुमच्या. बस करा, त्यायले नाई येत आयकू.

शेषराव : भित आली त्याची. देवा, भित आली, हात लांबव! डोकं... डोकं सांभाळ रे!

सत्यभामा : थांबले ते. थांबले पाहा. वर पाहून राह्यले.

देवीदास : दादा.

शेषराव : काय रे?

देवीदास : म्या डोळे उघडले. तू वाजवतच नसशीन, म्हून पाह्याले उघडले.

शेषराव : मंग?

देवीदास : हात दिसून राह्यला तुह्या. वर-खाली, वर-खाली.

शेषराव : ये वर. देवा, वर ये आता.

सत्यभामा : तोंडानं काय बोलावता? हात करा त्यायले.