पुसलेली शाई

नाही हो, सी नौफल, गुलामांच्या स्मरणाच्या त्या पाटीचं अनावरण माझ्या हातून नको — बसा ना, चहा घ्या, बदाम घाला वरून, इथे येतंय कोण एरवी! आपल्या या गाबेस गावच्या गुलामांवर तीस वर्षं लिहिलं मी, ट्युनिसला शिकवलं, खरंय सगळं, पण झोहरा येणार आहे का समारंभाला? नाही ना? मग झालं! झोहरा म्हणजे ही शेजारची, भिंतीला भिंत — शाळेत एका बाकावर बसायचो आम्ही. तिनेच आणून दिला मला तो कागद, तिच्या पणजीच्या गुलामीतून सुटकेचा. मबरूका तिचं नाव. 'हयात, तू शिकलीस, तूच वाच,' म्हणाली. वाचला. आणि छापला — पुस्तकात, नावागावासकट. तिला विचारलं का? विचारलं की — म्हणजे सांगितलं, छापून झाल्यावर. वाटलं, खूश होईल. तिच्या मुलीचं, समियाचं लग्न ठरलेलं, मेंदीला बारा दिवस राहिलेले. माझी पुस्तकं कुणी वाचत नाही हो, पण नेमकं नवऱ्यामुलाच्या मामाने वाचलं! मुलगी काळी आहे हे त्यांना चाललं होतं, कागद नाही चालला. निरोप आला — गुलामांच्या घरातली नको. समिया फ्रान्सला, मार्सेयला निघून गेली, ती गेलीच.

झोहरा दारात आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, 'माझ्या पणजीचं नाव छापलंस, तिला विकत घेणाऱ्याचं का नाही ग छापलंस?' म्हटलं, तिथे शाई पुसलीय. 'ते जुनं अक्षर मला लागत नाही, म्हणून म्हणतेस?' — आणि गेली. नऊ वर्षं झाली. शुक्रवारी तिच्या कुसकुसचा वास येतो, वाडगा येत नाही. रात्रंदिवस खोकते ती, मी इकडे ऐकते, 'औषध घेतलंस का' एवढंही विचारता येत नाही. आणि तुम्ही म्हणता, भाषण करा! आठवणींवर!

शाई कसली पुसलीय हो — ठळक आहे चांगली. हाज्ज तय्यिब. आमचे पणजोबा. याच घरात राबली मबरूका, या अंगणात...

काय बोलून बसले मी. नऊ वर्षं जिला सांगायचं तिला सांगितलं नाही, आणि तुम्हाला — उठा. उठा, सी नौफल. मला शेजारी जायचंय.