मावशीला मारवत नाही

दवाखान्यात नंबर पुकारणाऱ्या नर्सबाईंचे कान समोरच्या बाकाकडे लागले होते. तिथे एक कादंबरीकार आणि त्यांची बायको बसले होते.

"कादंबरीतल्या मावशीला मारलंत का एकदाचं?"

"हात धजावत नाही गं. काल तिला नुसता खोकला दिला, तर मलाच रडू फुटलं."

"मग?"

"मग काय, डॉक्टर बोलावला, छाती शेकवली, भाचीला उशाशी बसवलं."

"मला महिनाभर खोकला आहे."

"ठाऊक आहे की. तुझा ऐकूनच तर तिचा लिहिला."

नर्सबाईंनी बायकोचा नंबर पुकारला, तशी ती उठली.

"आत येताय ना?"

"तू हो पुढे. डॉक्टरांना विचार, यातून माणूस वाचतं का."

"वाचतं म्हणाले तर?"

"तर जीव भांड्यात पडेल. मावशीला तरी वाचवता येईल."