वेल उपटायचा नाही

“हॅलो?… हो, मीच. बोल आई.”

थोरलीनं फोन खांद्यात दाबला आणि पिशव्यांत माती भरणं चालूच ठेवलं. ती रोपवाटिकेत कामाला, त्यामुळे झाडापानांच्या बाबतीत घरात तिचा शब्द शेवटचा. आईला आज तोच हवा होता. सुनेनं पायरीशी लावलेला कृष्णकमळाचा कोवळा वेल पिवळा पडला होता. ‘गेला, उपटून टाका’ एवढं थोरलीच्या तोंडून निघालं, की आईला दोन गोष्टी मिळणार होत्या: पायरीशेजारची आपल्या खुर्चीची जागा परत, आणि सुनेच्या हातचं झाड जगत नाही यावर लेकीचा शिक्का.

“पिवळा म्हणजे कसा पिवळा?… अगं, पिवळ्यात पिवळे असतात. खालची पानं की वरची?… आठवून नको, बाहेर जाऊन बघ… हो, थांबते. मी कुठे पळतेय?”

“वरची. कोवळी… बरं, एक पान उजेडाकडे धर… तोडू नको… तोडलंस ना? असू दे. शिरा कशा दिसतात?… शिरा हिरव्या, मधलं सगळं पिवळं. जाळीसारखं… हं.”

“नाही, तिच्या हाताचा काय संबंध?… अगं ऐक ना. पाणी जास्त झालं असतं, किंवा खत कमी पडलं असतं, तर आधी खालची पानं पिवळी झाली असती. आणि वाईट हात असा शिरा वगळून लागत नाही.”

“बाबा काय म्हणाले?… बाबांचं राहू दे. बाबा महिनाभर प्लॅस्टिकच्या फुलांना पाणी घालत होते… नाही, उपटायचा नाही… नाही म्हणजे नाही, आई… हो, आज माझंच खरं. फोन तू केलास.”

“आता खाली वाक… गुडघ्याचं माहितीये, पायरीवर बस मग. बसलीस? माती कशी दिसते?… पांढरी? बुरशी की पूड?… पूड. कसली पूड, आई?”

थोरलीच्या हातातलं खुरपं थांबलं.

“चुना… भिंतीला लावून उरलेला. कोणी टाकला?… तुझ्या सुनेनं? तिला सकाळी डबा भरायला वेळ नसतो… मग बाबांनी?… हं… कधीपासून?… रोज?”

“गोगलगायी. हो, खातात, कोवळे शेंडे खातात, मान्य… म्हणजे सगळे झोपलेले असताना उठून तू त्याच्याभोवती चुन्याचं कडं घालत होतीस. ज्या वेलाचं तुला तोंड बघवत नाही, त्याच्याभोवती… हसत नाहीये. ठसका लागला.”

“अगं, चुन्यानं मातीतलं लोह अडकून बसतं, वेलाला मिळत नाही. म्हणून नवीन पान फिकं येतं… हो, आजारी तूच पाडलास. गोगलगायींपासून वाचवलासही तूच, ते पण धरते मी.”

“करायचं काय? वरची पांढरी माती अलगद खरवडून काढ. मुळं दुखवू नकोस. वर पानांचं खत घाल. लोहाचं औषध मी रविवारी आणते… होईल हिरवा. आत्ताच्या पानांकडे बघत बसू नकोस, नवीन फुटतील ती बघ.”

“नाही. ‘वेल गेला’ असं मी म्हणणार नाही. तुला नाही, भाऊला नाही… लेक तुझीच. हट्ट काय बाहेरून आणलाय?… फितूर? बरं, फितूर. फितुराचं ऐकून ठेव. संध्याकाळी तुझी सून घरी येईल तेव्हा वेल जागेवर नसला, तर चुन्याचं मी तिला सांगेन. असला, तर चुना मला माहीतच नाही.”

पलीकडून आईनं खालच्या आवाजात काहीतरी विचारलं.

“उकरलेलं दिसेल, हो. विचारतीलच… मग माझं नाव घे. रोप माझ्याकडचं, माती पण मीच दिली होती. सांग, थोरलीनं भलतीच माती दिली, आता तिलाच फोन करून निस्तरायला लावलं… हो, खुशाल सांग. हसू दे सगळ्यांना. वेल उपटायचा नाही, बस.”

“काय?… खुरपं? तुझ्या घरातलं खुरपं मी कुठून सांगू… मागच्या दारापाशी, बादलीत बघ. आणि आई, हळू हातानं… हॅलो?… हॅलो?”

आईनं फोन कधीच ठेवला होता.

वेल वाचला, सुनेचा हात निर्दोष सुटला, आईची लाज झाकली गेली. किंमत मोजली ती थोरलीच्या घरातल्या शेवटच्या शब्दानं. त्या दिवसापासून घरात कुठलंही पान पिवळं पडलं, की आई, आता वाढलेल्या त्या वेलाच्या सावलीत खुर्ची टाकून, सगळ्यांना आधी बजावते: “थोरलीला विचारू नका. तिला मातीतलं काही कळत नाही.”