अक्रोडापासून निघून परत अक्रोडापर्यंत

नाही, पण मी म्हणतो, माणूस सेहेचाळीस वर्षं ज्या घरात राहतो, ज्याची फळी न् फळी त्यानं स्वतःच्या हातानं ठोकलीय, ठोकताना डाव्या अंगठ्याचं नख कायमचं घालवलंय, हे बघा, हे... त्या माणसाला कोर्टहाउसमधली एक पंच्याऐंशी वर्षांची बाई चष्मा पुसत पुसत सांगते, "व्हर्लिन बाळा, ते घर तुझ्या जमिनीवर नाहीच." नाहीच! बाहेर ऊन पडलंय म्हणून सांगावं तसं सांगते! मग कोणाच्या जमिनीवर आहे? ओडेल कॉम्ब्सच्या! अख्ख्या केंटकीत दुसरा कोणी मिळाला नाही? शेजारचा ओडेल! ज्याच्याशी मी एकोणीस वर्षं एक शब्द बोललेलो नाही!

का बोललो नाही विचारा. अक्रोड! आमच्या दोघांच्या मध्ये एक अक्रोडाचं झाड आहे, हे एवढं, दोन माणसांच्या कवेत मावणार नाही असं, आणि त्याचे अक्रोड माझ्या पत्र्याच्या छपरावर पडतात. पडतात कसले, बंदूक उडवल्यासारखे येतात! टण्ण! तुम्ही जेवताय... टण्ण! पाद्रीबाबा प्रार्थना म्हणतायत... टण्ण! मी म्हटलं, झाड माझ्या बाजूला आहे, तोडतो. ओडेल म्हणाला, "हात लावून बघ! झाड माझं आहे. माझी विल्मा ह्याच अक्रोडांचा केक करून दरवर्षी जत्रेत पहिला नंबर काढते." मी म्हटलं, माझं. तो म्हणाला, माझं. झालं! एकोणीस वर्षं. आणि त्या एकोणीस वर्षांत मला त्या केकचा तुकडा मिळालेला नाही, ते वेगळंच.

तर ह्या वर्षी मी ठरवलं, कागदच काढायचा. आमच्याकडे खरेदीखत कुठे ठेवतात? फ्रीझरमध्ये! हसू नका, घर जळलं तरी फ्रीझर जळत नाही, असं माझा बाप सांगायचा. तर हरणाच्या मांसाखालून, सेहेचाळीस वर्षांनी, पिशवीत घातलेलं ते खत मी उपसलं. वाचलं? छे! खत काय वाचायची गोष्ट आहे? खत ठेवायची गोष्ट आहे! तसंच गारेगार बगलेत मारून थेट कोर्टहाउस.

आणि तुम्हाला सांगतो, तिथे गेलो तर काय... पुस्तकं! ही अशी, लहान मुलाएवढी जड, भिंतीभर, जमिनीपासून छतापर्यंत! दोनशे वर्षांत ह्या डोंगरात ज्यानं ज्यानं हातभर जमीन दिली न् घेतली, तो तो तिथे बसलाय! मेला तरी बसलाय! इमोजीनबाई, त्याच चष्मेवाल्या, तिथल्या जमीन-नोंदणीच्या कारकून. लहानपणी रविवारी चर्चमध्ये मला बायबल शिकवायच्या, म्हणून अजून बाळाच म्हणतात, मी बहात्तरचा! म्हणाल्या, "बाळा, अगदी सोपं आहे. ही घेणाऱ्यांची यादी, ही देणाऱ्यांची. घेणाऱ्यांत स्वतःचं नाव काढ, पुस्तकाचा नंबर मिळेल, पान मिळेल. तिथे तुला कोणी दिली ते मिळेल. मग त्यानं कोणाकडून घेतली ते बघ. मग त्यानं कोणाकडून..." सोपं! अहो, मी एका म्हाताऱ्यावरून दुसऱ्या म्हाताऱ्यावर उड्या मारत मागे मागे गेलो! मी पेनिंग्टनकडून, पेनिंग्टन एका विधवेकडून, ती दिरांकडून... पोचलो अठराशे एकाहत्तरला! शाईचं अक्षर, काय अक्षर, मोत्याचे दाणे! आणि लिहिलंय काय? 'अक्रोडाच्या मनगटाएवढ्या रोपापासून निघून...'

मनगटाएवढं रोप! तेच झाड! एकोणीसशे बाराच्या खतात 'अक्रोडाच्या झाडापासून'. आमच्या अठ्ठ्याहत्तरच्या खतात 'अक्रोडाच्या मोठ्या झाडापासून'. ते माझ्या छपरावर अक्रोड मारणारं झाड पुस्तकात पान उलटेल तसं वाढत आलंय! मी टोपी काढली. खरंच काढली. त्या खोलीत टोपी घालून बसायची माझी छाती होईना.

मी म्हटलं, "इमोजीनबाई, झाड कोणाचं ते सांगा." त्या म्हणाल्या, "आधी तुझं खत वाचू." आणि वाचायला लागल्या... अक्रोडापासून निघून ओढ्याच्या काठानं... मी म्हटलं, थांबा. ओढा? ओढा तर ओडेलच्या बाजूला! त्यांनी टेबलावर स्टेपलर ठेवला. "हे तुझं घर." डिंकाची बाटली ठेवली. "हे ओडेलचं." मध्ये पेन्सिल उभी धरली. "हा अक्रोड. आता हा रस्ता, हा ओढा. तुझ्या खतातली जमीन ही." आणि बोट ठेवलं कुठे? डिंकाच्या बाटलीवर!

मी खुर्चीवरून उठलो, तोंड ओढ्याकडे केलं, रस्त्याकडे केलं, गोल फिरलो, परत गोल फिरलो, रांगेतली माणसं बघायला लागली. कसंही फिरा, डिंकाची बाटली! मी ओरडलो, "अहो, पण शिक्का मारताना तुमच्या लक्षात नाही आलं? ही खाली सही तुमचीच आहे!" तर शांतपणे म्हणतात, "बाळा, तुम्ही घर कुठे बांधताय ते बघायला आम्ही येत नाही. समोर आलं ते आम्ही उतरवून घेतो. पुस्तकात आहे म्हणजे आहे!"

खरं सांगतो, भीती वाटली. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर माझ्या दोन्ही मुलींच्या उंच्या कोरल्यात, पहिल्या पावलापासून ते लग्नापर्यंत. ती चौकट ओडेलच्या जमिनीवर! घरी आलो तर लॉरीन, माझी बायको, म्हणते, "मग जा, विचार त्याला." मी म्हटलं, "कोणाला, ओडेलला? त्याऐवजी मी फ्रीझरमध्ये जाऊन बसतो!" "मग बस. पण आधी मांस बाहेर काढ, सडेल."

गेलो. काय करता? ओडेल पोर्चवर घेवड्याच्या शेंगा निवडत होता. मी म्हटलं, "ओडेल." तो म्हणाला, "काय?" एकोणीस वर्षांनी! मी म्हटलं, "तू माझ्या जमिनीवर राहतोयस." मला वाटलं आता हा बंदूक आणतो. तर शेंग मोडत म्हणतो, "बरं झालं. मग मालक, छप्पर गळतंय, कधी येता दुरुस्तीला?" मी कागद दिला. त्यानं वाचला. परत वाचला. "म्हणजे तू माझ्या जमिनीवर?" "हो." "मग ते हिरवे पडदे काढ आधी. माझ्या जागेत ते चालणार नाहीत!"

मग शेंगा बाजूला ठेवल्या त्यानं. म्हणाला, "व्हर्लिन, तुला आठवत नाही?" मी म्हटलं, "काय?" "कागद झाले त्या दिवशी, कोर्टहाउसच्या पायरीवर. विल्मा म्हणाली होती, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन यायला हवं. तू म्हणालास, मग ओढ्याकडची तू घे ओडेल, मी इकडची घेतो. आणि आपण हात मिळवला."

अहो... मिळवला होता! मीच! चांगली, ओढ्याकाठची, सकाळच्या उन्हाची जमीन मी त्याला पायरीवर उभं राहून देऊन टाकली होती आणि साफ विसरलो होतो! एका झाडासाठी एकोणीस वर्षं भांडणारा तो मी, आणि ती सगळी जमीन हसत हसत देणाराही मीच! वीस पावलं मागे जाऊन इमोजीनबाईंना सांगितलं असतं तर... पण आमच्यात मिळवलेला हात म्हणजे शिक्काच, परत आत कोण जातंय! मिळवलेला हात पुस्तकात येत नाही हो! पुस्तकात आहे म्हणजे आहे, आणि नाही म्हणजे नाही!

मग काय, दोघं एका गाडीत. ओडेलला डोळ्यांमुळे चालवता येत नाही, म्हणून मी चालवतो आणि तो मला गाडी कशी चालवायची ते शिकवतो. त्याची मला, माझी त्याला, अशी दोन खतं करून, नोटरीपुढे सह्या ठोकून इमोजीनबाईंपुढे ठेवली. "बाळांनो, हे कोणी तयार केलं त्याचं नाव कुठाय? पत्ता कुठाय? परत न्या." परत! पुन्हा बावीस मैल! पुन्हा ओडेलचं शिकवणं! दुसऱ्या खेपेला शिक्का पडला. माझं खत दहा वाजून चौदा मिनिटांनी, त्याचं दहा पंधराला. इमोजीनबाईंनी जुनं पान उघडून दाखवलं, अठ्ठ्याहत्तरचं. नऊ चाळीस, नऊ एक्केचाळीस. तेव्हाही रांगेत मी पुढे, हा मागे! ओडेल हळूच म्हणाला, "तेव्हा केस होते आपल्याला." आणि आम्ही दोन म्हातारे त्या पानाकडे बघत उभे राहिलो, बाकीची रांग खोळंबली तरी.

तेवढ्यात मला आठवलं. झाड! "इमोजीनबाई, आता तरी सांगा, झाड कोणाचं?" त्या म्हणाल्या, "वाच की. तुझी जमीन अक्रोडापासून निघते, अक्रोडापर्यंत येते. त्याचीही तशीच. झाड दोघांचं, निम्मं-निम्मं. आणि तोडायचं नावही काढू नका. ते गेलं तर तुमच्यातला एकही कुठून सुरू होतो ते कोणाला कळणार नाही."

त्या संध्याकाळी विल्मानं केक आणला. एकोणीस वर्षांनी! डोळ्यांत पाणी आलं, लाज कशाची सांगायला! तुकडा तोंडात घालतो न घालतो तोच... टण्ण! मी म्हटलं, "ओडेल, निम्मं झाड तुझं, निम्मे अक्रोड तुझ्या छपरावर का नाही पडत रे?" तर बोटं चाटत म्हणतो, "माझ्या निम्म्यातले शहाणे आहेत, गवतावर अलगद पडतात, विल्मा वेचते. तुझ्या छपरावर आपटतात ते सगळे तुझ्या निम्म्यातले!"

एकोणीस वर्षं मीच म्हणत होतो ना, माझं आहे म्हणून? घ्या! पुस्तकात आहे म्हणजे... टण्ण!... आहे!